लांबलेली प्रायमरी आणि हरलेल्यांची समजूत

प्रश्न असा आहे की, अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षातले दोन नेते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, पाच-सहा महिने एकमेकांशी झुंजत राहिले, तर नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्या पक्षाचे नुकसान होते की उलट फायदा होतो. कार्टर आणि केनेडी यांच्या १९८० च्या लढतीचा दाखला देणारे नुकसान सांगतात, ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या २००८ च्या लढतीचा दाखला देणारे फायदा सांगतात. मी २००८ पासून न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात प्रचाराच्या प्रत्यक्ष कामात आहे, आधी स्वयंसेवक म्हणून आणि पुढे पगारी संयोजक म्हणून. २००८ च्या लढतीत मी ओबामांच्या बाजूने होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझे माप कुठे झुकत असेल याचा अंदाज वाचणाऱ्याला राहील. माझ्या मते लढत किती महिने चालली यावरून पक्षाच्या भवितव्याबद्दल फार थोडे सांगता येते. हरलेला उमेदवार आणि त्याची माणसे कोणत्या मनःस्थितीत घरी परतली, नियमांनी आपल्याला फसवले असे त्यांना वाटले की नाही, आणि त्यांची समजूत घालायला पक्षाच्या हाती किती दिवस उरले, यावरून मात्र बरेच काही सांगता येते.

लढत लांबते ती नेत्यांच्या हट्टामुळे, असा एक समज आहे. हट्ट असतोच, पण त्याआधी नियम असतात. डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवार निवडणाऱ्या अधिवेशनाला जाणारे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात, अट एवढीच की उमेदवाराला किमान १५ टक्के मते मिळाली पाहिजेत. हे वाटप केवळ राज्यभराच्या बेरजेवर होत नाही. बहुतेक डेलिगेट राज्यातल्या लहान मतदारसंघांनुसार ठरतात. समजा एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत आणि रिंगणात दोनच उमेदवार आहेत. तिथे एकाला ६० टक्के मते मिळाली तरी वाटणी दोन-दोन अशीच होते, कारण तिसरा डेलिगेट मिळवायला साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावे लागते. याउलट तीन डेलिगेटांच्या मतदारसंघात काठावरच्या विजयानेही दोन-एक अशी वाटणी पदरात पडते. म्हणजे मोठ्या राज्यातला दणदणीत वाटणारा विजयही डेलिगेटांच्या हिशेबात फुसका निघू शकतो आणि पुढे असलेल्या उमेदवाराला मागच्याने गाठणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. पण गणिताने तो बादही होत नाही, आणि जो बाद होत नाही तो थांबत नाही.

५ फेब्रुवारी २००८ चा दिवस मला या एका कारणासाठी आठवतो. त्या रात्री आमच्या न्यू जर्सीत हिलरी क्लिंटन जिंकल्या आणि आम्ही तोंडे पाडून बसलो होतो. डेलिगेटांची वाटणी झाली ५९ विरुद्ध ४८, म्हणजे त्यांना निव्वळ ११ ची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहोसारख्या छोट्या, एरवी डेमोक्रॅटांनी ढुंकूनही न पाहिलेल्या राज्याच्या कॉकसमध्ये, म्हणजे मतदारांच्या स्थानिक सभांत, ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशी बाजी मारली, म्हणजे निव्वळ १२. आमच्या अख्ख्या राज्यातला पराभव बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका राज्याने एका संध्याकाळी भरून काढला. टेक्सासमध्ये ४ मार्चला हिलरी प्रायमरी जिंकल्या, पण तिथे त्याच दिवशी कॉकसही होता आणि दोन्हींची बेरीज केल्यावर ओबामांचे डेलिगेट अधिक भरले. रिपब्लिकन पक्षात त्या वर्षी अनेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळेच डेलिगेट देण्याची पद्धत होती, म्हणून जॉन मॅकेन यांची उमेदवारी ४ मार्चलाच पक्की झाली. डेमोक्रॅटांची लढत आणखी तीन महिने, ३ जूनला माँटॅना आणि साउथ डकोटाचे मतदान होईपर्यंत चालली.

त्या तीन महिन्यांत आमच्या पक्षाचे नुकसान होत आहे याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे दुमत नव्हते, आणि वरवर पाहता तसे दिसतही होते. त्याआधी फेब्रुवारीच्या अखेरीसच हिलरींच्या पहाटे तीन वाजता वाजणाऱ्या फोनच्या जाहिरातीने ओबामांच्या अनुभवावरच बोट ठेवले. मार्चमध्ये ओबामांचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस फिरल्या आणि १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशभेदावर भाषण करून ओबामांना त्याला उत्तर द्यावे लागले. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांतील लोक कडवट होऊन बंदुका आणि धर्माला चिकटून बसतात, या अर्थाचे त्यांचे सॅन फ्रान्सिस्कोतले बोलणे बाहेर आले. त्या गावांतली दारे ठोठावणारे आम्ही होतो, तेव्हा पुढचे दोन आठवडे कसे गेले ते सांगायला नको. २२ एप्रिलला हिलरींनी ते राज्य सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकले. रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या रेडिओ निवेदकाने तर रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरींना मत द्या, म्हणजे भांडण चालू राहील, असे आवाहन करणारी मोहीमच काढली होती. शत्रुपक्षाला ज्यात एवढा रस वाटतो ते आपल्या हिताचे कसे असेल, हा तेव्हाचा तर्क होता.

प्रत्यक्षात काय घडले? पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंदिस्त असते, म्हणजे पक्षाचा मतदार म्हणून ज्याचे नाव नोंदलेले आहे त्यालाच मत देता येते. नोंदणीची मुदत संपेपर्यंत दोन्ही छावण्यांनी नवी नावे आणि पक्षांतरे यांचा असा सपाटा लावला की, राज्यातील नोंदणीकृत डेमोक्रॅटांची संख्या पहिल्यांदाच ४० लाखांवर गेली. त्यातली किती नावे आमच्या बाजूची आणि किती हिलरींच्या बाजूची, याला नोव्हेंबरमध्ये अर्थ नव्हता. यादी एकच होती. इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्ये तेव्हा प्रायमरीच्या हंगामात शेवटी येत, तोवर निकाल लागून गेलेला असे आणि तिथे कोणी फिरकत नसे. २००८ मध्ये ६ मे रोजी तिथे खरी लढत झाली. कार्यालये उघडली गेली, गल्लीगल्लीत कोण आपला आणि कोण परका याची मोजदाद झाली, स्थानिक मुले तयार झाली. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी इंडियाना सुमारे एका टक्क्याने आणि नॉर्थ कॅरोलायना १४ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. इंडियानात १९६४ नंतर आणि नॉर्थ कॅरोलायनात १९७६ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकला होता. २००४ मध्ये बुश यांनी इंडियाना जवळपास २० टक्क्यांनी घेतले होते.

आमच्या व्यवसायातले लोक या दोन राज्यांची गोष्ट फार अभिमानाने सांगतात, आणि मीही सांगतो. पण तिला मर्यादा आहेत. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, बुश यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती आणि त्या हवेत डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकणे साहजिक होते. शिवाय मिशिगनची प्रायमरी पक्षाची तारीख मोडून १५ जानेवारीलाच उरकल्यामुळे तिथे ओबामांचे नाव मतपत्रिकेवरही नव्हते, म्हणजे संघटना उभारणीची ती संधी तिथे मिळालीच नाही, आणि तरीही नोव्हेंबरमध्ये ते राज्य त्यांनी सहज जिंकले. उलट वेस्ट व्हर्जिनियात मे महिन्यात रीतसर लढत झाली, हिलरी ४० टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये तेथे ओबामा हरले. प्रायमरीने तिथली दुरावलेली मते निर्माणही केली नाहीत आणि जोडलीही नाहीत. फक्त उघडी पाडली. म्हणून मी एवढेच म्हणेन की, लांबलेल्या लढतीने मिळणारी संघटना एक-दोन टक्क्यांची असते. जिथे निकाल एक-दोन टक्क्यांवर टांगलेला असतो तिथे ती सोन्याच्या मोलाची ठरते, एरवी तिचा पत्ताही लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दारोदारच्या प्रचारात प्रत्येक मतदाराला एक ते पाच असा आकडा दिला जातो. एक म्हणजे पक्का आपला, तीन म्हणजे कुंपणावरचा, पाच म्हणजे पक्का विरोधकांचा. एप्रिलमध्ये पाच आकडा दिसला की, आम्ही त्या दारावर पुन्हा जात नसू. वेळ वाया घालवू नये असा शिरस्ताच आहे. ७ जूनला हिलरींनी वॉशिंग्टनमध्ये माघार जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या यादीतले हेच पाच आकड्याचे लोक आम्हाला सर्वांत अधिक हवे झाले. बक्स काउंटीत एका निवृत्त शिक्षिकेच्या दारात मी उभा होतो. आयुष्यभर डेमोक्रॅटांना मत दिलेली ती बाई मला आत बोलवायला तयार नव्हती. तिचा राग ओबामांच्या धोरणांवर नव्हता. दोघांच्या धोरणांत फरक शोधायला भिंग लागले असते. आयुष्यात एकदाच एक स्त्री अध्यक्ष होण्याची वेळ आली होती आणि ती माझ्यासारख्या अर्ध्या वयाच्या पोरांनी घालवली, हा तो राग होता. अशा माणसाला योजनांचे पत्रक देऊन काही होत नाही. तिच्या उमेदवाराचा मान राखला गेला, हे तिला दिसावे लागते.

तो मान २००८ च्या उन्हाळ्यात राखला गेला, आणि आपोआप नव्हे, तर आखून राखला गेला. हिलरींच्या प्रचारावर दोन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज होते, त्यात त्यांनी स्वतः घातलेला पैसाही होता. ओबामांनी आपल्या देणगीदारांना ते कर्ज फेडायला मदत करण्यास सांगितले आणि स्वतः कायद्याने जास्तीत जास्त देता येणारे २३०० डॉलर दिले. २७ जूनला दोघांची पहिली एकत्र सभा न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात झाली. गावाचे नाव ‘ऐक्य’ आणि प्रायमरीत दोघांना तिथे मते सारखीच, प्रत्येकी १०७. हे सगळे नाटक आहे असे म्हणणाऱ्यांना मी सांगत असे की, लग्नात रुसलेल्या पाहुण्याची समजूतही नाटकानेच घालतात, फक्त ते नाटक वेळेवर आणि सगळ्यांसमोर करायचे असते. त्याआधी ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने तारीख मोडणाऱ्या फ्लोरिडा आणि मिशिगनच्या डेलिगेटांना अर्धे मत देऊन एक मोठा वाद मिटवला होता, आणि त्या बैठकीत हिलरींच्या समर्थकांनी घातलेला गोंधळ पाहता तो नीट मिटला नव्हता असेच म्हणावे लागेल. ऑगस्टच्या अखेरीस डेन्व्हरच्या अधिवेशनात एक रात्र हिलरींना आणि दुसरी रात्र बिल क्लिंटन यांना देण्यात आली, राज्यवार मतमोजणी सुरू करून हिलरींची मते नोंदवू दिली गेली आणि मग त्यांनी स्वतःच ती थांबवून ओबामांना एकमताने उमेदवार घोषित करण्याचा ठराव मांडला. आमच्या पातळीवर यालाच समांतर काम चालू होते. हिलरींच्या गावपातळीवरच्या प्रमुखांना आमच्या कार्यालयात नुसते बोलावून उपयोग नव्हता. त्यांना आमच्या माणसाच्या बरोबरीचे, कधी वरचे पद द्यावे लागे. आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांना ते बोचले. त्यांची बोच परवडणारी होती, कारण ते मत द्यायला कुठे जाणार नव्हते.

३ जून ते ४ नोव्हेंबर म्हणजे पाच महिने हाती होते, ही त्यातली फार मोठी गोष्ट. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे लगेच कळेल. आपल्याकडे उमेदवारीची खरी लढत बंद दाराआड होते, तिकीट वाटपाची यादी अखेरच्या क्षणी येते, आणि नाराजांची बंडखोरी माघारीच्या मुदतीनंतर जेमतेम दोन आठवड्यांत निस्तरावी लागते. अमेरिकेत ती बंडखोरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पण वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच होऊन जाते. आणखी एक फरक असा की, तिथल्या बहुतेक राज्यांचे कायदे प्रायमरीत हरलेल्या उमेदवाराला त्याच जागेसाठी अपक्ष म्हणून उभे राहू देत नाहीत. म्हणजे हरलेल्याची माणसे घरी बसू शकतात, शत्रूला मत देऊ शकतात, पण त्याच्याच चिन्हाभोवती गोळा होऊ शकत नाहीत. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला देशातल्या मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडून पाहिले, त्यांत महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या, पण त्या वर्षीच्या लाटेत प्रायमरीच्या माथी तो पराभव मारणे अन्यायाचे होईल.

१९८० ची गोष्ट या कसोटीवर पाहण्यासारखी आहे. जिमी कार्टर पदावर असताना त्यांच्याच पक्षाच्या टेड केनेडी यांनी त्यांना आव्हान दिले. ३ जूनच्या शेवटच्या दिवशी केनेडींनी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसह पाच राज्ये जिंकली, पण डेलिगेटांचे बहुमत कार्टर यांच्याकडे होते. केनेडी थांबले नाहीत. डेलिगेटांना प्रायमरीच्या निकालाशी बांधून ठेवणारा नियमच अधिवेशनाने रद्द करावा, अशी मागणी घेऊन ते ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत गेले. तिथे हरल्यावर त्यांनी असे भाषण केले की, सभागृह उमेदवारापेक्षा पराभूतासाठी अधिक वेळ टाळ्या वाजवत राहिले. शेवटच्या रात्री व्यासपीठावर कार्टर हात उंचावून घ्यायला केनेडींच्या मागे फिरत आहेत आणि केनेडी तो टाळत आहेत, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. नोव्हेंबरमध्ये कार्टर यांना फक्त सहा राज्ये आणि राजधानीचा प्रदेश मिळाला.

पण कार्टर केनेडींमुळे हरले, असे म्हणताना कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होण्याचा धोका आहे. महागाई दोन आकडी होती, तेहरानमध्ये अमेरिकी नागरिक ओलीस होते, अध्यक्ष मुळातच दुबळे झाले होते. आणि दुबळ्या अध्यक्षालाच पक्षातून आव्हान मिळते. ताप आला म्हणून अंग गरम झाले की अंग गरम झाले म्हणून ताप आला, यासारखा हा प्रश्न आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक साठच्या दशकापासून या गाठीशी झगडत आहेत. १९७६ चे उदाहरण तिच्यावर थोडा प्रकाश टाकते. निक्सन यांना माफी दिलेले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध त्यांच्याच पक्षाचे रोनाल्ड रीगन उभे राहिले, नॉर्थ कॅरोलायना आणि टेक्सास जिंकून अधिवेशनापर्यंत टिकले आणि कॅन्सस सिटीत १०७० विरुद्ध ११८७ अशा थोड्या फरकाने हरले. त्या उन्हाळ्यात फोर्ड कार्टर यांच्या ३० टक्क्यांहून अधिक मागे होते. नोव्हेंबरमध्ये ते केवळ दोन टक्क्यांनी हरले. भांडणाने झालेली जखम एवढी खोल असती तर अडीच महिन्यांत एवढी भरून निघाली नसती. आणि पक्षाचे नुकसान झाले असे म्हणायचे, तर कोणत्या पक्षाचे? १९७६ च्या त्या हरलेल्या फौजेनेच चार वर्षांनी रीगन यांना राष्ट्राध्यक्ष केले.

नुकसानीची एक बाजू मात्र फारशी चर्चेत येत नाही, कारण ती हिशेबाच्या वहीत दडलेली असते. अमेरिकी कायद्याप्रमाणे देणगीची मर्यादा प्रायमरीसाठी वेगळी आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळी असते, आणि मुख्य निवडणुकीसाठी घेतलेला पैसा अधिवेशनात रीतसर उमेदवारी मिळेपर्यंत खर्च करता येत नाही. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना रिक सँटोरम आणि न्यूट गिंग्रिच यांनी एप्रिलपर्यंत झुंजवले. प्रायमरीचा पैसा त्यात आटला, मुख्य निवडणुकीचा पैसा तिजोरीत असूनही हात लावता येईना, आणि ऑगस्टच्या अखेरच्या अधिवेशनाआधी त्यांच्या प्रचाराला दोन कोटी डॉलरांचे कर्ज काढावे लागले. त्याच उन्हाळ्यात ओबामांच्या बाजूने रॉम्नींच्या बेन कॅपिटल या जुन्या कंपनीवर जाहिरातींचा मारा चालू होता, आणि रॉम्नींना पुरेसे उत्तर देता येत नव्हते. त्यातला बराचसा दारूगोळा जानेवारीत त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांनी पुरवलेला होता. शिवाय उजव्या मतदारांना खूश करताना परवान्याशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांनी स्वतःहून देश सोडून जावे, असे रॉम्नी फ्लोरिडातल्या वादसभेत बोलून गेले. लॅटिनो मतदारांत त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. २००८ मध्ये ओबामांच्या बाबतीत हेच पैशाचे चाक उलटे फिरले होते: लांबलेल्या लढतीत छोट्या देणगीदारांची जी प्रचंड यादी तयार झाली तिच्या भरवशावर त्यांनी सरकारी निवडणूक निधी नाकारला, आणि मॅकेन मात्र तो घेऊन ८ कोटी ४० लाख डॉलरांच्या मर्यादेत अडकले. म्हणून लढत लांबली की पैसा आटतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. थोड्या बड्या देणगीदारांवर उभा असलेला प्रचार आटतो, कारण त्यांची मर्यादा लवकर भरते.

रिपब्लिकन पक्षाने २०१२ वरून धडा घेतला, आणि पक्षांनी असे धडे घेतले की मला थोडी धास्ती वाटते. २०१६ साठी वादसभांची संख्या घटवली, अधिवेशन जुलैत आणले आणि मार्चच्या मध्यापासून जिंकणाऱ्याला सगळे डेलिगेट देण्याची मुभा राज्यांना दिली, हेतू हा की, पक्षाच्या पसंतीचा उमेदवार लवकर ठरावा. त्या नियमांचा सर्वाधिक लाभ डोनाल्ड ट्रम्प यांना झाला. विरोधक अनेक उमेदवारांत विभागलेले असताना निम्म्याहून कमी मते मिळवूनही ते राज्येच्या राज्ये खिशात घालत गेले.

त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी आणि बर्नी सँडर्स यांची लढत जूनपर्यंत चालली. सँडर्स यांनी १२ जुलैला पाठिंबा दिला, पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यांचे किमान वेतनासारखे मुद्दे घेतले गेले, म्हणजे समजूत घालण्याचे विधी झाले होते. पण अधिवेशनाच्या तोंडावर पक्ष कार्यालयाच्या ईमेल बाहेर आल्या, त्यांत कर्मचाऱ्यांचा सँडर्स यांच्याविषयीचा आकस दिसला आणि पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावे लागले. २००८ मध्ये हिलरींच्या माणसांना वाईट वाटले होते. २०१६ मध्ये सँडर्स यांच्या माणसांना आपल्याला लुबाडले असे वाटले. दुःख काळाबरोबर ओसरते, लुबाडले गेल्याची भावना ओसरत नाही. पुढे एका मोठ्या सर्वेक्षणावरून सँडर्स यांना मत दिलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना मत दिले, असा अंदाज निघाला. २००८ मध्ये मॅकेन यांच्याकडे गेलेल्या हिलरी समर्थकांचे प्रमाण याहून कमी नव्हते, हे इथे विसरू नये. फरक एवढाच की, २००८ मध्ये ती गळती परवडली आणि २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांनी गेली.

मला स्वतःला २०१६ मधली दुसरी गोष्ट अधिक लागते. मार्चमध्ये सगळ्या चाचण्या हिलरींना मोठी आघाडी देत असताना मिशिगनमध्ये सँडर्स जिंकले. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनमध्येही तेच जिंकले. लांबलेल्या लढतीने पक्षाला आठ महिने आधी फुकटात दाखवून दिले होते की, सरोवरांकाठच्या कारखानदारी राज्यांत आपले काहीतरी बिनसले आहे. प्रायमरीनंतर हिलरी विस्कॉन्सिनला एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. आम्ही पेनसिल्व्हेनियात बसून आपल्या याद्यांवर समाधानी होतो, हेही कबूल केले पाहिजे.

अध्यक्षपदाखालच्या निवडणुकांत चित्र थोडे निराळे असते, तेवढे सांगून पुढे जातो. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. संसदेच्या जागांसाठी अशी दुसरी फेरी घ्यावी लागलेल्या पक्षाला मुख्य निवडणुकीत फटका बसतो असे अभ्यासकांना आढळले आहे. राज्य विधिमंडळांच्या जागांवर, जिथे मतदाराला उमेदवाराचे नावही माहीत नसते, तिथे तो फटका तसा दिसत नाही, कारण भांडणामुळे निदान नाव तरी कानावर पडते. आणि जिथे एकाच पक्षाचे वर्चस्व असते तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या गर्दीत तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी मतांवर उमेदवारी जिंकून थेट संसदेत गेले. तिथली बाकीची मते नाराज होती की नव्हती, याने नोव्हेंबरमध्ये काही बिघडणार नव्हते.

शेवटी २०२४. डेमोक्रॅटिक पक्षात त्या वर्षी खरी लढत झालीच नाही. जो बायडेन यांच्याविरुद्ध वजनदार असे कोणी उभे राहिले नाही. मिशिगनमध्ये गाझाच्या प्रश्नावरून एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायावर शिक्का मारला, तेवढीच कुरबुर. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस एकाही प्रायमरीला सामोऱ्या न जाता १०७ दिवसांच्या प्रचारात उतरल्या. पक्षात भांडण नव्हते, कर्ज नव्हते, रुसलेला प्रतिस्पर्धी नव्हता. लांबलेल्या लढतीचे जे जे तोटे सांगितले जातात त्यातला एकही नव्हता. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या कार्यालयात त्या ऑगस्टमध्ये पैसा आणि माणसे दोन्ही उदंड होती. नव्हती ती फक्त हिवाळ्यात दारोदार फिरून मिळालेली एक ते पाच आकड्यांची यादी. कोणत्या गल्लीत कोण आपल्यापासून तुटले आहे, हे विचारायला आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा सप्टेंबरात बाहेर पडलो.